चिकूचा पासपोर्ट आणि बोटीवरची बंदूक

परक्या देशाच्या किनाऱ्याला लागताना सगळ्यात आधी कोणाची चौकशी होते? तुमच्या कुत्र्याची आणि तुमच्या बंदुकीची! वाकड ते हरिहरेश्वर अशा एका वीकएंडला उलगडलेली ही गोष्ट.

वाकडच्या कुठल्याही सोसायटीच्या लिफ्टमध्ये दोन प्रकारची माणसं भेटतात. नुकतीच ऑनसाइटहून परत आलेली आणि लवकरच ऑनसाइट निघालेली. पहिली मंडळी भूमकर चौकातल्या ट्रॅफिकला शिव्या घालतात आणि दुसरी त्याच ट्रॅफिकमध्ये बसून व्हिसाची अपॉइंटमेंट शोधत असतात. या दोघांच्या जोडीला गेल्या काही वर्षांत तिसरा गट आलाय. चार पायांचा. सकाळी साडेसहाला कस्पटे वस्तीपासून दत्त मंदिर रोडपर्यंत एक चक्कर मारा. लॅब्रेडॉर, बीगल, शित्झू आणि आपले अस्सल गावरान इंडी दिमाखात फिरताना दिसतील. मालकाच्या एका हातात पट्टा, दुसऱ्या हातात मोबाइल आणि मोबाइलवर अमेरिकेतल्या क्लायंटचा कॉल.

हेच वाकड १९९७ साली महापालिकेत आलं, तोवर शेतीचं गाव होतं. म्हातोबाचं देऊळ, मुळेचा काठ आणि ऊस. मग शेजारी हिंजवडीत आयटी पार्क उभं राहिलं आणि गावाचा पत्ताच बदलला. आज इथल्या प्रत्येक मजल्यावर कोणी ना कोणी बॅग भरतंय. प्रश्न एवढाच की बॅगेत काय काय घालता येतं?

बावीस किलोंचा प्रश्न

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये चिकू राहतो. वय चार, वजन बावीस किलो, जात विचारू नका. पुलाखाली पिल्लू असताना सापडला आणि तेव्हापासून घरातल्या सोफ्याचा कायदेशीर मालक आहे. घरातला नवरा चाकणला एका गाड्यांच्या कंपनीत डिझाइन इंजिनिअर, बायको हिंजवडीत टेस्टिंगमध्ये. नवऱ्याला नेदरलँड्सचं पोस्टिंग मिळालं. जॉइनिंग सहा आठवड्यांत. पेढे वाटून झाले आणि तिसऱ्या दिवशी दोघं चिकूला घेऊन व्हेटकडे गेले. तिथे डॉक्टरांनी कॅलेंडर पुढे ओढलं आणि पेढ्यांची चव उतरली.

हिशोब साधा आहे, पण पचायला जड. युरोपियन युनियनच्या लेखी रेबीजच्या बाबतीत भारत धोक्याच्या देशांत मोडतो. त्यामुळे आधी कुत्र्याच्या कातडीखाली पंधरा आकडी मायक्रोचिप बसवायची. रेबीजची लस त्यानंतर. चिपच्या आधी टोचलेल्या लशी धरल्याच जात नाहीत, मग तुमच्याकडे चार वर्षांचं व्हॅक्सिनेशन कार्ड लॅमिनेट करून ठेवलेलं का असेना. लशीनंतर किमान तीस दिवसांनी रक्ताचा नमुना घ्यायचा आणि तो युरोपने मान्य केलेल्या लॅबमध्ये पाठवायचा. रक्तातल्या प्रतिपिंडांचं प्रमाण मिलीलीटरला किमान ०.५ युनिट भरायला हवं. तेवढं भरलं, तर नमुना घेतल्याच्या तारखेपासून तीन महिने थांबायचं. म्हणजे सगळं वेळेवर झालं तरी चार महिने. जॉइनिंगला उरलेत सहा आठवडे.

सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ही बातमी पोचली आणि सल्ल्यांचा पाऊस पडला. आजीकडे ठेवा. इन्स्टावरून कोणी दत्तक घेतंय का बघा. कंपनीला सांगा जॉइनिंग पुढे ढकलायला. त्यातच एकाने लिहिलं, "विमानाचे नियम कडक असतात यार. जहाजाने पाठवा ना! समुद्रात कोण विचारतंय?"

वाचून आपणही हसतो. पण खरं सांगा, हा विचार तुमच्याही मनात आलाच असता. समुद्र म्हटलं की आपल्याला मोकळं मैदान वाटतं. ना टोल नाका, ना सिग्नल, ना मामा.

सी विंगमधले काका

या मेसेजवर सगळ्यात आधी उत्तर आलं सी विंगमधल्या काकांचं. मर्चंट नेव्हीतून चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेला माणूस. आयुष्यभर पाण्यावर राहून म्हातारपणी वाकडला येऊन पडलोय, इथे टँकरशिवाय पाणी दिसत नाही, हा त्यांचा नेहमीचा विनोद. त्यांनी ग्रुपवर फक्त एक ओळ टाकली: "चहाला या, सांगतो."

चहाबरोबर काकांनी आम्हाला बंदरात शिरायचं शास्त्र शिकवलं. परक्या देशाच्या हद्दीत शिरलेली बोट डोलकाठीवर पिवळा झेंडा चढवते. आंतरराष्ट्रीय संकेतावलीत त्याला 'क्यू' म्हणतात. अर्थ असा, की बोटीवर रोगराई नाही, आम्हाला आत यायची परवानगी द्या. परवानगी मिळेपर्यंत छोट्या नौकेवरून फक्त कप्तान किनाऱ्यावर जाऊ शकतो, तोही सरळ अधिकाऱ्यांकडे. मग कस्टम्स, इमिग्रेशन आणि क्वारंटाइन असे तिघे येतात. त्यांच्या हातात याद्या असतात. माणसांची यादी, सामानाची यादी, कोठारातल्या वस्तूंची यादी.

"दारू-सिगारेटचं कपाट ते सील करतात, ते ठीक," काका म्हणाले. "पण आवाज बदलतो तो दोन प्रश्नांना. एनी फायरआर्म्स? एनी अॅनिमल्स?"

बंदूक असली तर तिचा मेक, नंबर आणि काडतुसं मोजून लिहून द्यावी लागतात. बहामासारख्या देशात ती जाहीर करून बोटीवरच कुलपात ठेवता येते, पण काडतुसांचा आकडा एकाने जरी चुकला तरी उत्तर द्यावं लागतं. कित्येक देशांत ती अधिकारी ताब्यात घेतात आणि तुम्ही निघालात की परत देतात. ब्रिटनमध्ये १९९६च्या डनब्लेन शाळेतल्या हत्याकांडानंतर सामान्य नागरिकांच्या पिस्तुलांवर जवळजवळ संपूर्ण बंदी आली. तिथे 'स्वसंरक्षणासाठी ठेवलंय' हे वाक्य कामाला येत नाही.

आणि कुत्रं? "आमच्या एका जहाजावर मांजर होतं," काका सांगू लागले. "उंदरांसाठी ठेवलेलं. एका बंदरात अधिकाऱ्याने त्याचं नाव, रंग, वय सगळं फॉर्मवर लिहून घेतलं आणि बजावलं, हे खाली उतरता कामा नये. निघताना परत येऊन मोजलं. एक मांजर! शिडीच्या तोंडाशी आळीपाळीने पहारा दिला आम्ही. कप्तान म्हणाला, माझ्या डिग्रीपेक्षा या मांजराची किंमत जास्त आहे."

काकांचा चहा संपेपर्यंत चिकूचा समुद्रमार्ग बंद झाला होता. पण काका एक वाक्य बोलून गेले आणि ते डोक्यात राहिलं. "बंदूक आणि जनावर का विचारतात माहितीये? दोन्ही सुटले की परत बोलवता येत नाहीत." मग म्हणाले, "समुद्रावरून काय काय येऊ शकतं ते बघायचंय ना? लांब नको, हरिहरेश्वरला जाऊन या."

ताम्हिणीतून किनाऱ्याकडे

आम्हाला निमित्तच हवं होतं. शनिवारी पहाटे साडेपाचला निघालो. मी, शेजारचं जोडपं आणि मागच्या सीटवर खिडकीबाहेर जीभ काढून चिकू. वाकडहून हायवेने चांदणी चौक, तिथून पिरंगुट, मुळशी आणि ताम्हिणी घाट. पावसाळा सरला की ताम्हिणीचा हिरवा रंग थोडा निवतो आणि मुळशीचं पाणी सकाळी काचेसारखं दिसतं. घाट उतरून निजामपूर, माणगाव, म्हसळा. साधारण पावणेदोनशे किलोमीटर. मिसळीचा ब्रेक आणि चिकूचे तीन ब्रेक धरले तर पाच तास.

आम्ही मुद्दाम दिवेआगरला वळसा घालून शेखाडीच्या रस्त्याने श्रीवर्धनला गेलो. हा रस्ता तुम्ही रील्समध्ये हजारदा पाहिलाय. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला थेट समुद्र आणि मधून वळणं घेत जाणारा डांबरी पट्टा. इथे प्रत्येक वळणावर एक गाडी थांबलेली असते आणि कोणीतरी बॉनेटवर बसून फोटो काढत असतं. आम्हीही काढले.

पण याच शेखाडीच्या किनाऱ्यावर फेब्रुवारी १९९३मध्ये रात्रीच्या अंधारात आरडीएक्स आणि शस्त्रं उतरवली गेली. त्याआधी जानेवारीत थोड्या उत्तरेला दिघीला. १२ मार्च १९९३ला मुंबईत स्फोट झाले आणि २५७ माणसं गेली. पुढे खटल्यात कस्टम्स आणि पोलिसांतले काही जणही दोषी ठरले, कारण त्यांनी पैसे घेऊन तो माल जाऊ दिला होता. नियम तेव्हाही होते. विचारायचं ज्यांनी, त्यांनी विचारलं नाही.

आमच्यापैकी कोणीच तेव्हा शाळेतही जात नव्हतं. तरी त्या वळणावर फोटो काढून झाल्यावर गाडीत थोडा वेळ कोणी बोललं नाही.

लेडी हान

हरिहरेश्वर म्हणजे सावित्री नदी समुद्राला मिळते तिथलं देवस्थान. काळभैरव आणि हरिहरेश्वराचं दर्शन घ्यायचं, मग देवळामागून डोंगराच्या खिंडीतल्या पायऱ्या उतरून खडकावरून प्रदक्षिणा. लाटांनी कोरलेल्या या खडकांवर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नक्षी आहे. भरती असेल तर इथे पाय ठेवायचा नाही, हे स्थानिक सांगतात आणि ते ऐकायचं.

याच परिसरात १८ ऑगस्ट २०२२ला, गुरुवारी, एक बोट वाहत आली. सोळा मीटर लांबीची, 'लेडी हान' नावाची. अर्धवट मोडलेली आणि वर एकही माणूस नाही. पोलिसांनी आत पाहिलं तर पेटीत तीन एके-४७ रायफली आणि काडतुसं. दुसऱ्या दिवशी दहीहंडी होती, पुढच्या पंधरवड्यात गणपती. १९९३ आणि २६/११ पाहिलेल्या राज्यात किनाऱ्यावर एके-४७ सापडणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. नाकाबंदी लागली, एटीएस कामाला लागली, टीव्हीवर लाल पट्ट्या धावू लागल्या.

त्याच दिवशी गृहमंत्री देवेंद्र फडणवीसांनी विधिमंडळात माहिती दिली. बोट एका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची, तिचा नवरा कप्तान. मस्कतहून युरोपला निघाली होती. २६ जूनला इंजिन बिघडलं. मदतीची हाक दिल्यावर एका कोरियन युद्धनौकेने माणसांना वाचवून ओमानकडे सोपवलं. समुद्र खवळलेला असल्यामुळे बोट ओढून नेता आली नाही, ती तशीच सोडली गेली. मान्सूनच्या वाऱ्या-प्रवाहांनी तिला अरबी समुद्र ओलांडायला लावला आणि त्रेपन्न दिवसांनी ती रायगडला लागली. दहशतवादाचा धागा सापडलेला नाही, हे त्यांनी तेव्हाच सांगितलं.

मग बंदुका कशाला? हा रस्ता एडनच्या आखातातून जातो. सोमाली चाच्यांच्या भीतीने त्या टापूतून जाणाऱ्या बोटी खासगी सशस्त्र रक्षक घेतात. रायफलींच्या पेटीवर अशाच एका परदेशी सुरक्षा कंपनीचं नाव होतं. म्हणजे बंदुका होत्या त्या संरक्षणासाठीच. पण माणसं उतरली, बंदुका राहिल्या आणि एका निर्जीव बोटीने अख्ख्या राज्याची झोप उडवली. काका म्हणाले ते हेच!

आम्ही जिथे उतरलो त्या घरगुती खानावळीच्या मालकांना तो दिवस पक्का आठवतो. "सणाची तयारी चाललेली, आणि गावात पोलिसांच्या गाड्याच गाड्या," ते सोलकढी वाढता वाढता म्हणाले. "आमच्या वडलांची ठासणीची बंदूक आहे, वानर-डुकरांसाठी. शेतीसंरक्षणाचा परवाना. इलेक्शन आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, पावती घ्यायची. आमच्या एका बंदुकीला एवढे कागद, आणि हिकडं तीन-तीन वाहत आल्या."

कायदा काय म्हणतो?

काकूंनी तळलेली सुरमई संपवून आम्ही चौघं (चिकूला फक्त काटे काढलेला तुकडा) अंगणात बसलो आणि कायद्यावर चर्चा सुरू झाली. आपला शस्त्र कायदा १९५९चा. त्याच्या दहाव्या कलमानुसार समुद्रमार्गे, जमिनीवरून किंवा हवाईमार्गे परवान्याशिवाय शस्त्र भारतात आणता येत नाही आणि बाहेरही नेता येत नाही. आणखी एका कलमात सवलत आहे. समुद्रात जाणाऱ्या जहाजावर त्याच्या नेहमीच्या साधनसामग्रीचा भाग म्हणून शस्त्रं असतील तर त्यांना हा कायदा लागू नाही.

'नेहमीची साधनसामग्री' म्हणजे नेमकं काय, यावर लोकांनी तुरुंग पाहिलाय. ऑक्टोबर २०१३मध्ये तमिळनाडूत तुतिकोरिनजवळ 'सीमन गार्ड ओहायो' हे जहाज अडवलं गेलं. चाच्यांविरुद्ध रक्षक पुरवणारं जहाज. वर ३५ जण, रायफली आणि हजारो काडतुसं. भारतीय हद्दीत शस्त्रं आणायची परवानगी नव्हती. जानेवारी २०१६मध्ये सगळ्यांना पाच वर्षांची शिक्षा झाली. नोव्हेंबर २०१७मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. चार वर्षं गेली, ती गेलीच.

त्याच्याआधीचं 'एन्रिका लेक्सी' तर आपल्या सगळ्यांना आठवतंय. १५ फेब्रुवारी २०१२ला केरळच्या किनाऱ्याजवळ या इटालियन टँकरवरच्या नौसैनिकांनी दोन मच्छीमारांना चाचे समजून गोळ्या घातल्या. कोर्टकचेरी आंतरराष्ट्रीय लवादापर्यंत गेली. २०२१मध्ये दहा कोटी रुपये भरपाई देऊन सर्वोच्च न्यायालयात भारतातला खटला बंद झाला. मासे पकडायला गेलेली माणसं मात्र परत आली नाहीत.

चाचे संपलेत म्हणावं तर तसंही नाही. १ जानेवारी २०२३पासून जहाज कंपन्यांनी हिंदी महासागराचा 'अतिधोक्याचा पट्टा' रद्द केला आणि त्याच डिसेंबरात 'एमव्ही रुएन' पळवलं गेलं. मार्च २०२४मध्ये आपल्या नौदलाने ते सोडवलं, सतरा खलाशी वाचवले आणि ३५ चाचे पकडून मुंबई पोलिसांच्या ताब्यात दिले. त्यामुळे बोटीवर बंदूक हवी का, या प्रश्नाला 'छे, कशाला' असं चटकन उत्तर देता येत नाही. हवी असेल, तर तिच्यामागे उत्तर द्यायला नाव-गाव असलेला माणूस हवा, इतकं नक्की.

गंमत म्हणजे हे कागद आजचे नाहीत. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी या किनाऱ्यावर 'कार्ताझ' नावाचा परवाना सुरू केला. जहाज कुणाचं, कप्तान कोण, जाणार कुठे आणि वर शस्त्रं किती, हे त्यात लिहिलेलं असे. कार्ताझ नसेल तर जहाज जप्त. पुढे कान्होजी आंग्र्यांनी याच पाण्यात स्वतःचे परवाने चालवले आणि ते न घेणाऱ्यांना अडवलं. इंग्रज त्यांना चाचा म्हणत. आपण सरखेल म्हणतो. कागद कोणाचा चालतो, यावरच समुद्र कोणाचा ते ठरतं. हरिहरेश्वरहून सावित्रीच्या पलीकडे बाणकोटचा किल्ला दिसतो. अठराव्या शतकाच्या मध्यात इंग्रजांनी तो घेतला आणि नाव ठेवलं फोर्ट व्हिक्टोरिया. सत्ता बदलली, चौकशी तीच राहिली.

पिस्टल नावाचा कुत्रा

रविवारी सकाळी बागमांडल्याच्या जेट्टीवर गेलो. इथून फेरीबोट सावित्री ओलांडून वेशवीला जाते, गाड्यांसकट. चिकूने आयुष्यात पहिल्यांदा बोटीवर पाय ठेवला आणि पलीकडे पोचेपर्यंत पुढच्या कठड्याला नाक लावून उभा राहिला. कोणी त्याचा कागद विचारला नाही. रायगडातून रत्नागिरीत गेला, एवढंच. मुंबईहून मांडव्याला जाणाऱ्या रो-रोवरही कुत्र्यांना तिकीट काढून नेता येतं. आपल्याच देशात प्रवास सोपा असतो.

खरी परीक्षा देश बदलला की. एप्रिल २०१५मध्ये हॉलिवूडचा जॉनी डेप खासगी विमानाने ऑस्ट्रेलियात गेला तेव्हा सोबत दोन यॉर्कशायर टेरियर होते. नावं पिस्टल आणि बू. (हो, पिस्टल! योगायोग असावा तर असा.) कस्टम्सच्या फॉर्मवर त्यांचा उल्लेखच नव्हता. कृषिमंत्री बार्नबी जॉइस यांनी जाहीर केलं, शनिवारपर्यंत कुत्री परत न्या, नाहीतर त्यांना मारावं लागेल. कुत्री परत गेली. पुढच्या वर्षी डेपची तेव्हाची पत्नी अँबर हर्डने कोर्टात खोटी माहिती दिल्याचं कबूल केलं आणि दोघांनी माफीचा व्हिडिओ केला. जगभर लोक हसले. पण ऑस्ट्रेलियात कुत्र्यांचा रेबीज नाही आणि तो येऊ नये म्हणून तो देश कोणाचीही भीड ठेवत नाही. भारतातून तिथे कुत्रं थेट नेताच येत नाही. आधी त्यांनी मान्य केलेल्या तिसऱ्या देशात मुक्काम, मग परवाना आणि शेवटी मेलबर्नजवळ मिकलहॅमच्या केंद्रात क्वारंटाइन.

ब्रिटनमध्ये २०००पर्यंत बहुतेक देशांतून येणाऱ्या कुत्र्याला सहा महिने क्वारंटाइन होतं. आज लस आणि रक्ततपासणीवर काम भागतं, पण खासगी नौकेतून युरोपमधूनही कुत्रं तिथे उतरवता येत नाही. ठरलेल्या मार्गांनीच न्यावं लागतं. प्रवासी जहाजांत कुत्र्यांची खास सोय आहे ती 'क्वीन मेरी २'वर, न्यूयॉर्क ते साऊथॅम्प्टन. चोवीस केनेल आणि लांबलचक वेटिंग. मुंबईहून असं काही सुटत नाही.

कोणी म्हणेल, एका कुत्र्यासाठी एवढं? तर एवढं यासाठी, की रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ नक्की दगावतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के भारतात होतात. तीन महिने थांबवण्यामागेही कारण आहे. लस टोचायच्या आधीच विषाणू शरीरात शिरला असेल, तर तो आठवड्यांनी, कधी महिन्यांनी डोकं वर काढतो. तो काळ सरू देणं हाच खरा तपास.

परतीच्या वाटेवर, ताम्हिणी चढताना, मागच्या सीटवरून तिने एकच विचारलं, "म्हणजे चिकूला चार महिने इथे राहावंच लागणार?"

"हो," तो म्हणाला.

"मग मीही राहते."

तारीख ठरली

घरी येऊन दोघांनी पुन्हा नियम वाचले तेव्हा एक महत्त्वाची गोष्ट हाती लागली. युरोपच्या नियमानुसार पाळीव प्राणी मालकाच्या प्रवासाच्या मागेपुढे पाच दिवसांच्या आत पोचला पाहिजे, तरच तो 'घरचा' धरला जातो. नाहीतर व्यापारी आयातीचे नियम लागतात. म्हणून चिप आणि सगळी कागदपत्रं तिच्या नावावर करायचं ठरलं. तो सहा आठवड्यांनी एकटा जाईल, घर शोधेल, जवळपास मैदान आहे का बघेल. ती वर्क फ्रॉम होम मागून घेईल. चिकूचे दिवस भरले की दोघं एकाच विमानाने निघतील. लग्नाला तीन वर्षं झालेल्या जोडप्याने एका इंडी कुत्र्यासाठी चार महिने वेगळं राहायचं ठरवलं. सोसायटीत काहींना हा वेडेपणा वाटला. मला विचाराल तर त्या ग्रुपवरच्या सगळ्या सल्ल्यांपेक्षा तो शहाणा होता.

एवढ्यात आमच्या काकांना नवा ग्राहक मिळाला. बी विंगमधल्या एकाला न्यूजर्सीला जाताना कंटेनरमधून पणजोबांची तलवार न्यायची आहे, तिथल्या मंडळाच्या शिवजयंतीसाठी. काकांनी त्यालाही चहाला बोलावलंय. शंभर वर्षांहून जुनी वस्तू असेल तर ती पुरावस्तू ठरते, आणि १९७२च्या कायद्यानुसार खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. तलवार देवघरातच राहणार. मंडळाला लाकडी चालेल.

चिकूला चिप बसली. लस झाली. फ्रीजवर कॅलेंडर लागलंय आणि रोज रात्री जेवण झालं की ती एक चौकोन खोडते. चिकूला यातलं काही कळत नाही. त्याला फक्त एवढंच कळलंय, की हल्ली फ्रीजजवळ कोणी उभं राहिलं की बिस्किट मिळतं.

जायचंय? हे लक्षात ठेवा!

*हरिहरेश्वर:* वाकड–चांदणी चौक–मुळशी–ताम्हिणी–माणगाव–म्हसळा. प्रदक्षिणा ओहोटीलाच करा, वेळ देवळापाशी विचारून घ्या. कुत्रं सोबत असेल तर मुक्कामाच्या घरी आधी फोन करा आणि घाटाआधी त्याला भरपेट खायला घालू नका.

*कुत्र्यासह युरोप:* क्रम चुकवू नका. चिप, मग लस, मग तीस दिवसांनी रक्त, मग तीन महिने. प्रवेशाच्या आधीच्या दहा दिवसांत आरोग्य प्रमाणपत्र, त्यावर सरकारी पशुवैद्यकाची मोहर.

*कुत्र्यासह अमेरिका:* १ ऑगस्ट २०२४पासून नियम बदलले. भारतात लस घेतलेल्या कुत्र्याचं वय किमान सहा महिने, चिप, ठरलेला फॉर्म आणि नोंदणीकृत केंद्रात आधीच बुकिंग हवं. मान्य लॅबचा रक्ताचा रिपोर्ट नसेल तर २८ दिवस क्वारंटाइन.

*कुत्र्यासह भारतात परत:* मुंबई, दिल्लीसह मोजक्या ठिकाणीच प्राण्यांचं क्वारंटाइन कार्यालय आहे. त्यांची एनओसी प्रवासाच्या आधी काढा.

*शस्त्र:* परवाना पुण्याचा असो वा पिंपरी-चिंचवडचा, तो देशाबाहेर चालत नाही. आजोबांची बाराबोअर आजोबांच्या गावीच बरी.